मेंदूतील रोपणीय सूक्ष्म प्रकाशस्रोत

मेंदूतील रोपणीय सूक्ष्म प्रकाशस्रोत म्हणजे चेतापेशींना (न्यूरॉन) प्रकाशाच्या साहाय्याने उद्दीपित किंवा शांत करण्यासाठी मेंदूच्या ऊतीमध्ये बसविली जाणारी अत्यंत लहान दीपयोजना होय. या योजनेत मुख्यतः सूक्ष्म प्रकाश-उत्सर्जक डायोड (मायक्रो-एलईडी) वापरले जातात. त्यांची लांबी-रुंदी काही मायक्रोमीटरपासून काही शे मायक्रोमीटरपर्यंत असते. चेतापेशी स्वभावतः प्रकाशाला प्रतिसाद देत नाहीत. म्हणून प्रथम त्यांच्यात प्रकाशसंवेदी प्रथिनाचे जनुक घातले जाते. जनुक आणि प्रकाश यांच्या या जोडपद्धतीस ऑप्टोजेनेटिक्स किंवा प्रकाशजनुकशास्त्र असे म्हणतात. रोपणीय प्रकाशस्रोत हे या शास्त्राचे एक प्रमुख साधन आहे.

या साधनांचा उपयोग आजवर मुख्यत्वे उंदरांसारख्या प्रयोगशाळेतील प्राण्यांवर, मेंदूचे कार्य समजून घेण्यासाठी झाला आहे. अपस्मार, बहिरेपणा, मूत्राशयाचे विकार इत्यादींवरील उपचारांसाठी त्यांचा विचार होत असला, तरी माणसाच्या मेंदूत असे प्रकाशस्रोत बसविण्याचा उपचार अद्याप रूढ झालेला नाही.

पार्श्वभूमी

विद्युत् उद्दीपन आणि त्याची मर्यादा

चेतापेशी आपला संदेश विद्युत् आवेगांच्या रूपाने पुढे पाठवितात. त्यामुळे मेंदूच्या एखाद्या भागाला बाहेरून चालना द्यावयाची असल्यास तेथे विद्युत् अग्र (इलेक्ट्रोड) ठेवून सौम्य प्रवाह देणे, हा स्वाभाविक मार्ग होता. कंपवाताच्या रुग्णांसाठी वापरले जाणारे खोल मेंदू-उद्दीपन याच तत्त्वावर चालते आणि अनेक रुग्णांना त्याचा लाभ झाला आहे.

मात्र विद्युत् प्रवाह पेशीपेशींत भेद करीत नाही. मेंदूच्या एका घन मिलिमीटर भागात हजारो चेतापेशी दाटीवाटीने असतात. त्यांतील काही पेशी शेजाऱ्यांना उत्तेजित करतात, काही त्यांना आवर घालतात, तर काहींचे तंतू केवळ त्या भागातून पुढे जात असतात. विद्युत् अग्राजवळच्या या सर्वांवर प्रवाहाचा परिणाम होतो. एखाद्या वाड्यातील सर्व खोल्यांचे दिवे एकाच खटक्यावर जोडलेले असावेत, तशी ही स्थिती असते. खटका दाबला की सर्वत्र उजेड पडतो. कोणत्या खोलीतील दिव्यामुळे काय दिसले, हे सांगता येत नाही.

डीएनएच्या रचनेच्या शोधात सहभागी असलेले शास्त्रज्ञ फ्रान्सिस क्रिक यांनी १९७९ साली लिहिलेल्या एका लेखात ही उणीव स्पष्टपणे मांडली होती. इतर पेशींना धक्का न लावता एकाच प्रकारच्या चेतापेशींवर नियंत्रण मिळविण्याची पद्धत मेंदूविज्ञानाला हवी आहे, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे १९९९ मध्ये या कामासाठी प्रकाश हे योग्य माध्यम ठरू शकेल, असेही त्यांनी सुचविले. त्या वेळी ही कल्पना दूरची वाटत होती.

प्रकाशसंवेदी प्रथिने

या प्रश्नाचे उत्तर मेंदूविज्ञानाच्या क्षेत्राबाहेरून, सूक्ष्मजीवांच्या अभ्यासातून मिळाले. क्षारप्रिय सूक्ष्मजीवांच्या पेशीपटलात प्रकाशावर चालणारे बॅक्टेरिओऱ्होडॉप्सिन हे प्रथिन असते, हे १९७१ मध्ये डीटर ओस्टरहेल्ट आणि वॉल्थर स्टोकेनियस यांनी दाखविले. गोड्या पाण्यात व ओल्या मातीत आढळणाऱ्या क्लॅमिडोमोनास राइनहार्टी या एकपेशीय हिरव्या शैवालात प्रकाशाच्या दिशेने पोहत जाण्याची क्षमता असते. या क्षमतेस कारणीभूत असणाऱ्या चॅनेलऱ्होडॉप्सिन प्रथिनांचा उलगडा जर्मनीतील पीटर हेगेमान, गेओर्ग नागेल, एर्न्स्ट बामबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ व २००३ मध्ये केला.

चॅनेलऱ्होडॉप्सिन-२ हे प्रथिन म्हणजे पेशीपटलातील एक दार आहे, असे म्हणता येईल. त्यावर सुमारे ४७० नॅनोमीटर तरंगलांबीचा निळा प्रकाश पडला की ते उघडते आणि धनभारित आयन पेशीत शिरतात. चेतापेशीच्या दृष्टीने हा आवेग निर्माण करण्याचा इशारा असतो. प्रकाश थांबला की दार मिटते. हे सर्व काही सहस्रांश सेकंदांत घडते. या प्रथिनाला काम करण्यासाठी रेटिनल हा जीवनसत्त्व ‘अ’पासून बनणारा रेणू लागतो. सस्तन प्राण्यांच्या मेंदूत तो पुरेशा प्रमाणात असल्यामुळे बाहेरून द्यावा लागत नाही. या अनुकूल योगायोगामुळे पद्धत बरीच सोपी झाली.

याउलट परिणाम करणारी प्रथिनेही उपलब्ध आहेत. हॅलोऱ्होडॉप्सिन पिवळ्या प्रकाशात ऋणभारित क्लोराइड आयन पेशीत ओढून घेते आणि त्यामुळे पेशी शांत होते. चेतापेशी शांत करण्यासाठी त्याचा उपयोग २००७ मध्ये दाखविण्यात आला. पुढे तांबड्या प्रकाशाला प्रतिसाद देणारी क्रिमसनसारखी प्रथिनेही उपयोगात आली.

इतिहास

ऑप्टोजेनेटिक्सचा उदय

चेतापेशींना जनुकीय बदलाने प्रकाशसंवेदी बनविण्याचा आरंभीचा यशस्वी प्रयोग गेरो मीझेनबॉक यांच्या गटाने २००२ मध्ये केला. त्यासाठी त्यांनी फळमाशीच्या डोळ्यातील प्रथिने वापरली होती. ती पद्धत गुंतागुंतीची आणि मंद होती. २००५ मध्ये एडवर्ड बॉयडन, कार्ल डायसेरॉथ आणि सहकाऱ्यांनी शैवालातील चॅनेलऱ्होडॉप्सिन-२ हे एकच प्रथिन सस्तन प्राण्याच्या चेतापेशींत घालून, प्रकाशाच्या प्रत्येक स्पंदाबरोबर आवेग निर्माण करता येतो, हे दाखविले. ‘ऑप्टोजेनेटिक्स’ हा शब्द २००६ मध्ये प्रचारात आला. ‘नेचर मेथड्स’ या नियतकालिकाने २०१० ची उल्लेखनीय पद्धती म्हणून तिची निवड केली.

प्रकाशतंतूंची अडचण

बशीत वाढविलेल्या पेशींवर सूक्ष्मदर्शकातून प्रकाश टाकणे सोपे असते. जिवंत, हिंडत्याफिरत्या प्राण्याच्या मेंदूत खोलवर प्रकाश पोहोचविणे हा वेगळा प्रश्न होता. मेंदूची ऊती प्रकाश विखुरते. निळा प्रकाश तर एका मिलिमीटर अंतरात बहुतांशी क्षीण होतो. म्हणून २००७ पासून काचेचा बारीक प्रकाशतंतू कवटीतून मेंदूत बसवून त्याचे दुसरे टोक बाहेरील लेसरला जोडण्याची पद्धत सुरू झाली. ती आजही मोठ्या प्रमाणात वापरली जाते.

या पद्धतीत प्राणी तंतूने बांधला जातो. त्याला बिळात शिरता येत नाही, चाकावर मोकळेपणाने धावता येत नाही. दोन प्राणी एकत्र ठेवले तर तंतू एकमेकांत गुंततात किंवा कुरतडले जातात. भीती, मैत्री, झोप, खेळ अशा स्वाभाविक वर्तनाचा अभ्यास करताना ही बाधा महत्त्वाची ठरते. शिवाय प्राण्याची हालचाल होताना कडक तंतूचे टोक मऊ ऊतीवर घासते आणि इजा होते. प्रकाश बाहेरून आत नेण्याऐवजी दिवाच आत ठेवावा, हा विचार या अडचणींतून पुढे आला.

निळ्या एलईडीचे योगदान

हा विचार प्रत्यक्षात येण्यासाठी लहान, कार्यक्षम आणि निळा प्रकाश देणारा दिवा आवश्यक होता. गॅलियम नायट्राइड या अर्धवाहकापासून निळे एलईडी बनविण्याचे तंत्र जपानमध्ये इसामु आकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांच्या संशोधनातून १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात सिद्ध झाले. त्यासाठी या तिघांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. घराघरातील पांढऱ्या एलईडी दिव्यांच्या मुळाशी असलेला हाच पदार्थ मेंदूतील सूक्ष्म दिव्यांसाठीही वापरला जातो. चॅनेलऱ्होडॉप्सिन-२ ज्या तरंगलांबीला सर्वाधिक प्रतिसाद देते, त्याच पट्ट्यात गॅलियम नायट्राइडवर आधारित एलईडी प्रकाश देऊ शकतात.

महत्त्वाचे टप्पे

२०१० मध्ये ब्रिटनमधील संशोधकांनी सूक्ष्म एलईडींच्या चौकटीवर चेतापेशी ठेवून, एकाच पेशीच्या निरनिराळ्या भागांना वेगवेगळ्या दिव्यांनी उद्दीपित करता येते, हे दाखविले. हा प्रयोग शरीराबाहेरील पेशींवर होता.

एप्रिल २०१३ मध्ये इलिनॉय विद्यापीठातील जॉन रॉजर्स आणि सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठातील मायकेल ब्रुकास यांच्या गटांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात एक महत्त्वाचे संशोधन प्रसिद्ध केले. त्यातील प्रत्येक एलईडी ५० × ५० मायक्रोमीटर आकाराचा आणि सुमारे ६.५ मायक्रोमीटर जाडीचा होता. म्हणजे त्याची रुंदी माणसाच्या केसाइतकी, तर जाडी तांबड्या रक्तपेशीच्या व्यासापेक्षाही कमी होती. हे एलईडी लवचीक पट्टीवर बसवून ती पट्टी रेशमातील प्रथिनापासून बनविलेल्या डिंकाने एका सूक्ष्म सुईला चिकटविली होती. सुई मेंदूत घातल्यावर डिंक ऊतीतील द्रवात विरघळतो. मग सुई हलकेच बाहेर काढली जाते आणि लवचीक पट्टी तेवढी आत राहते. डोक्यावर बसविलेल्या, काढता-घालता येणाऱ्या बिनतारी एककाकडून दिव्यांना ऊर्जा मिळत असे. प्रयोगात उंदीर एका छिद्रात नाक खुपसत तेव्हा त्यांच्या मेंदूतील डोपामीन निर्माण करणाऱ्या पेशींवर प्रकाश पडे. अन्न किंवा पाणी यांचे आमिष नसतानाही उंदीर पुन्हापुन्हा त्या छिद्राकडे वळू लागले. बक्षिसाची भावना आणि या पेशी यांचा संबंध, प्राणी कोणत्याही तंतूला जोडलेला नसताना दाखविता आला, हे या प्रयोगाचे वैशिष्ट्य होते.

२०१५ मध्ये तीन दिशांनी प्रगती झाली. स्टॅनफर्ड विद्यापीठातील एडा पून यांच्या गटाने पूर्णपणे त्वचेखाली मावणारे, ५० मिलिग्रॅमपर्यंत वजनाचे बिनतारी रोपण तयार केले. रॉजर्स आणि सहकाऱ्यांनी मज्जारज्जू व परिघीय चेतांसाठी मऊ, ताणली जाणारी रचना सादर केली. मिशिगन विद्यापीठातील युसिक यून आणि न्यूयॉर्क विद्यापीठातील ग्यॉर्गी बुझाकी यांच्या गटांनी सिलिकॉनच्या शलाकेवर १० × १५ मायक्रोमीटरचे १२ एलईडी आणि विद्युत् नोंदीसाठी ३२ बिंदू एकत्र घडविले. या एलईडींचा आकार चेतापेशीच्या पेशीकायेच्या तोडीचा आहे. त्यामुळे परस्परांपासून सुमारे ५० मायक्रोमीटर अंतरावरील पेशींनाही वेगवेगळे उद्दीपित करणे शक्य झाले.

२०१७ मध्ये १३.५६ मेगाहर्ट्झ वारंवारतेवर चालणारी, बॅटरीविरहित आणि पूर्णपणे त्वचेखाली राहणारी रोपणे प्रसिद्ध झाली. २०२१ मध्ये नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील संशोधकांनी एकाच पिंजऱ्यातील अनेक उंदरांची रोपणे स्वतंत्रपणे नियंत्रित करणारी यंत्रणा मांडली. दोन उंदरांच्या मेंदूच्या पुढील भागातील पेशी एकाच लयीत उद्दीपित केल्या असता ते एकमेकांच्या सहवासात अधिक काळ घालवितात आणि लय भिन्न ठेवली असता हा परिणाम कमी होतो, असे त्यांना आढळले. तंतूने बांधलेल्या प्राण्यांवर असा प्रयोग करणे अतिशय अवघड होते.

रचना

रोपणीय प्रकाशस्रोताचे सामान्यतः पुढील भाग असतात.

प्रकाशस्रोत : निळ्या व हिरव्या प्रकाशासाठी गॅलियम नायट्राइडवर आधारित, तर तांबड्या प्रकाशासाठी इतर संयुगांचे एलईडी वापरतात. एलईडीचे पातळ थर नीलम किंवा सिलिकॉनच्या चकतीवर वाढविले जातात. नीलमावर वाढविलेले थर लेसरच्या साहाय्याने सोडवून, रबरी शिक्क्याने उचलून लवचीक पट्टीवर ठेवता येतात. सेंद्रिय एलईडींचे पर्यायही अभ्यासले जात आहेत.

आधारपट्टी किंवा शलाका : सिलिकॉनची शलाका कडक असते, तिच्यावर अतिशय बारीक रचना कोरता येतात. पॉलिइमाइडसारख्या बहुवारिकाची पट्टी लवचीक असते आणि ऊतीबरोबर थोडीफार हलते.

वाहक जोडण्या : दिव्यांना वीज पुरविणारे धातूचे पातळ पट्टे.

आवरण : पॅरिलीन, सिलिकोन रबर यांसारख्या जैवसुसंगत पदार्थांचा थर. तो ओलावा आत शिरू देत नाही व विद्युत् प्रवाह बाहेर झिरपू देत नाही.

संवेदक : काही रोपणांत विद्युत् आवेग टिपणारे अग्र, तापमापक किंवा प्रकाशमापक यांचाही समावेश असतो.

ऊर्जा व नियंत्रण एकक : तारेने जोडलेले, डोक्यावर बसविलेले किंवा त्वचेखाली ठेवलेले परिपथ.

कार्यपद्धती

प्रयोगाचे साधारण टप्पे असे असतात. प्रथम प्रकाशसंवेदी प्रथिनाचे जनुक निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या, बहुधा ॲडिनो-संलग्न विषाणूच्या, साहाय्याने मेंदूच्या ठरावीक भागात सोडले जाते. हे जनुक विशिष्ट प्रकारच्या पेशींतच कार्यान्वित व्हावे, अशी जनुकीय योजना आधीच केलेली असते. पेशींत पुरेसे प्रथिन तयार होण्यास सामान्यतः काही आठवडे लागतात. प्रकाशस्रोताचे रोपण त्याच शस्त्रक्रियेत किंवा नंतर केले जाते. प्राणी बरा झाल्यावर प्रकाशाचे स्पंद दिले जातात आणि वर्तनातील बदल किंवा विद्युत् आवेग नोंदविले जातात.

निवडीचे काम जनुक करते आणि वेळ साधण्याचे काम प्रकाश करतो. वाड्याचेच उदाहरण पुढे न्यावयाचे तर, जनुकामुळे हव्या त्याच खोल्यांत दिवे बसतात आणि प्रकाशामुळे त्यांचा खटका हव्या त्या क्षणी दाबता येतो.

चॅनेलऱ्होडॉप्सिन-२ कार्यान्वित करण्यासाठी पेशीच्या ठिकाणी प्रति चौरस मिलिमीटर साधारण १ मिलिवॅट इतक्या प्रकाशतीव्रतेची गरज असते. ५० × ५० मायक्रोमीटरच्या एलईडीचे क्षेत्रफळ ०.००२५ चौरस मिलिमीटर भरते. म्हणजे त्याच्या पृष्ठभागाला ही तीव्रता गाठण्यासाठी केवळ २.५ मायक्रोवॅट प्रकाश पुरतो. मात्र एलईडीचा प्रकाश लेसरप्रमाणे सरळ न जाता चहूकडे पसरतो आणि ऊतीत विखुरतो. म्हणून काही अंतरावरील पेशींपर्यंत पोहोचण्यासाठी याहून बराच अधिक प्रकाश द्यावा लागतो. दिवा पेशीच्या जितका जवळ, तितकी ऊर्जेची गरज कमी. रोपणाचे हेच मुख्य प्रयोजन आहे.

बिनतारी ऊर्जापुरवठा

लहान प्राण्याच्या शरीरात बॅटरी ठेवणे अडचणीचे असते. प्रयोगशाळेतील उंदराचे वजन साधारण २० ते ३० ग्रॅम असते. त्यामुळे प्रत्येक ग्रॅम महत्त्वाचा ठरतो. यावर उपाय म्हणून पिंजऱ्याभोवती किंवा त्याच्या तळाशी प्रक्षेपक वेटोळे बसवून विद्युत् चुंबकीय क्षेत्र निर्माण करतात आणि रोपणातील छोटे वेटोळे त्यातून ऊर्जा घेते. १३.५६ मेगाहर्ट्झ ही वारंवारता यासाठी विशेष सोयीची ठरली आहे. बँकेची किंवा मेट्रोची यंत्राजवळ धरावयाची कार्डे याच वारंवारतेवर चालतात. ही वारंवारता शरीरातील ऊतींत फारशी शोषली जात नाही. प्राणी वळला, उभा राहिला किंवा पिंजऱ्याच्या कोपऱ्यात गेला, तर मिळणाऱ्या ऊर्जेत चढउतार होतो. तो कमीत कमी राहावा, हे अभिकल्पातील एक मोठे आव्हान असते.

तांत्रिक अडचणी

उष्णता

एलईडीला दिलेल्या विजेचा एक भागच प्रकाशात रूपांतरित होतो. उरलेल्या विजेची उष्णता होते. प्रकाशतंतूच्या पद्धतीत लेसरची उष्णता शरीराबाहेर राहते; रोपणात मात्र ती थेट ऊतीत उतरते. मेंदूच्या तापमानातील अल्प वाढही चेतापेशींच्या कार्यावर परिणाम करू शकते. म्हणून ही वाढ १ अंश सेल्सियसच्या आत ठेवण्याचा प्रयत्न केला जातो. दिवा सतत न लावता काही सहस्रांश सेकंदांचे स्पंद देणे, हा त्यावरील नेहमीचा उपाय आहे.

या प्रश्नाची दुसरी बाजू निष्कर्षांच्या विश्वासार्हतेची आहे. प्रकाशसंवेदी प्रथिन नसलेल्या मेंदूतही केवळ प्रकाशाच्या उष्णतेमुळे काही पेशींच्या कार्यात आणि प्राण्याच्या वर्तनात बदल होऊ शकतात, असे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसून आले. त्यामुळे प्रथिन नसलेल्या प्राण्यांवर तोच प्रकाश टाकून तुलना करणे आवश्यक ठरते. अशी तुलना नसल्यास उष्णतेचा परिणाम प्रकाशाच्या खाती जमा होण्याचा धोका असतो.

ओलावा आणि आयुर्मान

शरीरातील द्रव क्षारयुक्त असतो. आवरणाला सूक्ष्म छिद्र पडले, तरी धातूचे पट्टे गंजतात आणि दिवा निकामी होतो. उंदरावरील काही आठवड्यांच्या प्रयोगाला पुरेसे ठरणारे आवरण माणसाच्या शरीरात दहा-वीस वर्षे टिकेलच, असे म्हणता येत नाही.

ऊतीची प्रतिक्रिया

मेंदू अत्यंत मऊ असतो. सिलिकॉन त्याच्यापेक्षा कोट्यवधी पटींनी ताठर असते. श्वासोच्छ्वासाबरोबर व हृदयाच्या ठोक्याबरोबर मेंदू किंचित हलतो, पण कडक शलाका त्याच्याबरोबर हलत नाही. घर्षणामुळे दाह होतो आणि आधारपेशी परक्या वस्तूभोवती व्रणाचे वेष्टन तयार करतात. या वेष्टनामुळे पेशी आणि दिवा यांतील अंतर वाढते. पातळ आणि लवचीक रचनांमुळे ही प्रतिक्रिया कमी होते, असे अभ्यासांत दिसून आले आहे.

विद्युत् गोंगाट

दिवा आणि विद्युत् नोंदीचे अग्र शेजारीशेजारी असल्यास, दिवा लागताना व विझताना अग्रात खोटा संकेत उमटतो. प्रकाश धातूवर पडूनही असा संकेत निर्माण होतो. खरा आवेग आणि हा गोंगाट वेगळे करण्यासाठी संरक्षक थर व परिपथातील सुधारणा वापरल्या जातात.

उपयोग

मूलभूत संशोधन

स्मृती, भीती, बक्षीस, झोप, वेदना आणि सामाजिक वर्तन यांच्याशी निगडित असलेले चेतापरिपथ ओळखणे, हा या साधनांचा प्रमुख उपयोग आहे. एखादा मेंदूभाग विशिष्ट वर्तनाच्या वेळी सक्रिय होतो, एवढे इतर तपासण्यांतून कळते. परंतु ती सक्रियता वर्तनाचे कारण आहे की केवळ सोबत, हे त्यांतून ठरत नाही. ठरावीक पेशी चालू किंवा बंद करून वर्तन बदलते का, हे पाहिल्यास कार्यकारणसंबंध तपासता येतो.

वैद्यकीय शक्यता

अपस्मार : झटक्याची सुरुवात विद्युत् नोंदीवरून ओळखून त्याच क्षणी प्रकाश दिल्यास उंदरांतील झटके थांबविता येतात, हे २०१३ मध्ये प्रकाशतंतूंच्या साहाय्याने दाखविण्यात आले. औषधांना दाद न देणाऱ्या अपस्मारासाठी एलईडी रोपण विकसित करण्याच्या हेतूने ब्रिटनमधील न्यूकॅसल विद्यापीठाच्या पुढाकाराने २०१४ मध्ये ‘कँडो’ हा प्रकल्प सुरू झाला.

श्रवण : रूढ कॉक्लियर रोपणात विद्युत् प्रवाह शंखाकृती कॉक्लियात पसरतो, त्यामुळे जवळजवळचे स्वर वेगळे करणे रुग्णास कठीण जाते. प्रकाश अधिक नेमकेपणाने टाकता येत असल्याने ही उणीव कमी होण्याची अपेक्षा आहे. जर्मनीतील ग्योटिंगेन येथे टोबियास मोझर यांच्या गटाने याविषयी कृंतक प्राण्यांवर विस्तृत संशोधन केले असून त्यात सूक्ष्म एलईडींच्या मालिकाही वापरल्या आहेत.

मूत्राशय : मूत्राशय किती भरले आहे हे मोजणारा पट्टा आणि त्याच्या चेतांवर प्रकाश टाकणारे एलईडी यांची स्वयंनियंत्रित जोडणी २०१९ मध्ये मोठ्या जातीच्या उंदरांवर यशस्वी झाली.

दृष्टी : माणसातील ऑप्टोजेनेटिक उपचाराचे ठळक उदाहरण दृष्टिपटलाचे आहे. रेटिनायटिस पिगमेंटोसा या विकाराने अंध झालेल्या एका रुग्णाच्या दृष्टिपटलातील पेशींत तांबूस प्रकाशाला प्रतिसाद देणारे प्रथिन घातल्यानंतर, विशेष चष्म्याच्या साहाय्याने त्याला टेबलावरील वस्तू ओळखून हात लावता आला, असे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. या उपचारात प्रकाशस्रोत चष्म्यात होता. मेंदूत काहीही बसविले नव्हते. त्यामुळे हे उदाहरण मेंदूतील रोपणाच्या यशाचा पुरावा ठरत नाही. मात्र असे प्रथिन माणसाच्या पेशींत कार्य करू शकते, हे त्यातून दिसून येते.

मानवी वापरातील अडथळे आणि नैतिक प्रश्न

माणसाच्या मेंदूसाठी ही पद्धत वापरताना तांत्रिक अडचणींपेक्षा वेगळे प्रश्नही उभे राहतात.

पहिला प्रश्न आकाराचा आहे. उंदराचा मेंदू अर्ध्या ग्रॅमच्या आसपास, तर माणसाचा सुमारे १,३०० ते १,४०० ग्रॅम वजनाचा असतो. उंदराच्या मेंदूत दोन-चार दिव्यांनी जे साधते, त्यासाठी माणसाच्या मेंदूत किती दिवे लागतील आणि त्यांची एकत्रित उष्णता किती होईल, हा विचार करावा लागतो.

दुसरा प्रश्न जनुकाचा आहे. विद्युत् अग्र आवश्यकता पडल्यास काढून टाकता येते. चेतापेशीत गेलेले जनुक मात्र परत काढता येत नाही. ज्या प्रथिनाची शरीराला ओळख नाही, त्याच्याविरुद्ध रोगप्रतिकारशक्ती दीर्घकाळात कशी वागेल, याची खात्री करून घेणे आवश्यक असते.

तिसरा प्रश्न संमतीचा व नियंत्रणाचा आहे. मनःस्थिती, इच्छा आणि आवडनिवड यांच्याशी संबंधित पेशींना बाहेरून चालना देणारे साधन कोणाच्या हाती असावे, रुग्णाने दिलेली संमती त्याला पुढे मागे घेता यावी का, बिनतारी यंत्रणेत अनधिकृत व्यक्तीचा शिरकाव झाल्यास काय, हे प्रश्न चर्चेत आहेत. २०१३ च्या प्रयोगातील उंदीर ज्या छिद्राकडे वळत होते, तेथे त्यांच्यासाठी अन्न नव्हते, पाणीही नव्हते. त्यांची ती ओढ केवळ प्रकाशाने निर्माण केलेली होती. उपचार आणि वर्तनावरील ताबा यांच्यामधील सीमारेषा आखण्याची गरज अशा निष्कर्षांतून स्पष्ट होते.

प्राण्यांवरील प्रयोगांचा प्रश्नही यात येतो. बिनतारी रोपणांमुळे प्राण्यांची हालचाल मोकळी होते आणि त्यांना कळपात ठेवता येते, ही जमेची बाजू आहे. तथापि शस्त्रक्रिया आणि जनुकीय बदल या पद्धतीतही टळत नाहीत.

पर्यायी पद्धती

शस्त्रक्रियेने दिवा आत ठेवण्याची गरजच भासू नये, यासाठीही संशोधन चालू आहे. तांबडा प्रकाश ऊतीत निळ्या प्रकाशापेक्षा खोल जातो. या प्रकाशाला अतिशय संवेदनशील असलेले सीएचआर-माइन हे प्रथिन वापरून, कवटीबाहेरून दिलेल्या प्रकाशाने उंदराच्या मेंदूत सुमारे ७ मिलिमीटर खोलीपर्यंतच्या पेशी उद्दीपित करता आल्या आहेत. उंदराच्या बाबतीत ही खोली पुरेशी आहे. माणसाची जाड कवटी आणि मोठा मेंदू पाहता खोल भागांसाठी ती पुरेशी ठरत नाही. त्यामुळे खोलवरच्या, नेमक्या जागी प्रकाश देण्यासाठी रोपणीय प्रकाशस्रोतांचे महत्त्व कायम आहे.

पुरस्कार

ऑप्टोजेनेटिक्सच्या विकासासाठी एर्न्स्ट बामबर्ग, एडवर्ड बॉयडन, कार्ल डायसेरॉथ, पीटर हेगेमान, गेरो मीझेनबॉक आणि गेओर्ग नागेल यांना २०१३ चे ‘ब्रेन प्राइझ’ देण्यात आले. २०२१ चा मूलभूत वैद्यकीय संशोधनासाठीचा लास्कर पुरस्कार डायसेरॉथ, हेगेमान आणि ओस्टरहेल्ट यांना मिळाला. त्यातील दोघांचे मूळ संशोधन मेंदूविषयी नव्हते. शैवाल व क्षारप्रिय सूक्ष्मजीव प्रकाशाला कसा प्रतिसाद देतात, या कुतूहलातून ते सुरू झाले होते.

हेही पाहा

चेतापेशी
प्रकाश-उत्सर्जक डायोड
ऑप्टोजेनेटिक्स
खोल मेंदू-उद्दीपन
अपस्मार
कॉक्लियर रोपण